भोंगा वाजण्याआधी

शाळेत गणित शिकवणाऱ्या श्रेयसची स्कूटी गटारं तपासणाऱ्या पूनमनं हात आडवा करून अडवली, तिथून सगळं सुरू झालं. भुयारी गटाराच्या उघड्या चेंबरात ती दोरीनं भोंगा सोडत होती.

"मॅडम, गटाराले गाणं ऐकवून राह्यल्या का?"

"हाव. पुढच्या चेंबरात माइक हाय. पाइप फुटला-तुंबला असला, की तिकडं आवाज कमी पोचते."

"माणसाच्या मनातलं नाही समजत काय यानं?"

"तुमचं समजलं…" ती वर न बघता म्हणाली. "स्कूटी बाजूले घ्या, सर."

मग काय, मास्तर रोज मधल्या सुट्टीत तिच्या कामाजवळच्या चहाच्या टपरीवर हजर. आठ दिवसांत उंद्री गावच्या या पोरीला चहात साखर किती लागते, ते त्यांना पाठ झालं.

नवव्या दिवशी काम नेमकं त्याच्याच घरासमोर आलं. "चेंबर उघडं हाय, उभे राहा जरा," म्हणत पूनम कोपऱ्यावरच्या माइककडे गेली. तेवढ्यात त्याची आई, वच्छलाबाई, दारात आली.

"कोण रे ते गटारवाली? तुह्या ओळखीची हाय का?"

"नाही वं माय… मी तं असाच थांबलो."

पूनमनं तिकडून रिमोट दाबला; भोंगा वाजला, थांबला. श्रेयस हसत कोपऱ्यावर गेला. पूनम कानावरचे हेडफोन काढून वायर गुंडाळत होती.

"कसा आला आवाज?"

"पाइप साफ हाय. भोंग्याआधी दोन मिनिटं नुसतं ऐका लागते… तुम्ही मायलेक बोलले, तेबी आलं."

श्रेयसला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कान तापले.

"पूनम, मी…"

"मले माह्या कामाची लाज नाही वाटत, सर. तुमाले वाटली."

तो मागे फिरला. भोंगा वर ओढला, चिखलासकट इस्त्रीच्या शर्टाशी धरला आणि दारासमोर उभा राहिला.

"माय, मघाशी खोटं बोललो. ते पूनम हाय. मले आवडते."

वच्छलाबाई पदर नाकाला लावून आत गेल्या. भोंगा घेऊन तसाच तो कोपऱ्यावर आला.

"सांगितलं मायले."

"काय सांगितलं? मी माइक कवाच काढला."

म्हणजे पुन्हा सांगणं आलं. शेजारच्या ओट्यावर दोन बाया गहू निवडायच्या थांबल्या होत्या. श्रेयसनं मान खाली घातली, मग वर केली.

"तुम्ही मले आवडता. अन् मी भित्रा हाय."

पूनमनं भोंग्याची एक बाजू धरली.

"राग गेला नाही अजून," ती म्हणाली. "पण धरा नीट. पुढचं चेंबर दूर हाय."