फुलीवर टिचकी मारली, पण...

ही गोष्ट खरी आहे. ज्याच्यावर बेतली तो म्हणजे अनेकांत मगदूम, माझा सख्खा आतेभाऊ. भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की उठून जाणारा माणूस.

आणि ही रात्रीची गोष्ट नाही. कोल्हापुरात, राजारामपुरीतल्या त्याच्या घरी, गेल्या कार्तिकात, चांगल्या उजेडात घडलेली.

घरात दोघंच. वरच्या खोलीत अनेकांत, पुण्याच्या कंपनीचं काम घरूनच करायचा. खाली त्याचे वडील, वर्धमान अण्णा. अर्धांगवायूनं त्यांची उजवी बाजू गेली होती. वाचाही गेली होती.

म्हणून अनेकांतनं पायथन या कॉम्प्युटरच्या भाषेत एक छोटा प्रोग्राम लिहिला. अण्णांच्या पलंगाशी जुना कॉम्प्युटर मांडला. पडद्यावर चार मोठी बटणं. पाणी. औषध. दिवा. ये.

अण्णांनी डाव्या हातानं माउस धरून बटण दाबलं की वर लॅपटॉपवर 'टुंग' वाजायचं आणि एका छोट्या खिडकीत तो शब्द उमटायचा.

सगळ्यात जास्त यायचं, 'ये'.

खाली जावं तर अण्णांना काहीच नको असायचं. पोरगं समोर बसलं की झालं.

त्या दिवशी साडेपाचच्या पुढं त्याची मीटिंग चालली होती. टुंग. ये. टुंग. ये. साहेब बोलत होते...

वैतागून त्यानं कोपऱ्यातल्या फुलीवर टिचकी मारली. खिडकी गेली. आवाजही बंद करून टाकला.

पाऊण तासानं तो खाली आला.

अण्णा गेले होते. डावा हात माउसवर तसाच.

पै-पाहुणे आले, गेले. बहीण आदिती चार दिवस राहून शिरोळला सासरी परतली. सकाळी अण्णांचं सगळं करायला येणारे आकारामभाऊही यायचे थांबले. घर अगदी गप्प झालं.

बाराव्या दिवशी तो कामाला बसला. लॅपटॉप तसाच चालू होता, त्याचा आवाज वाढवला. ऊन उतरलं होतं. आणि...

टुंग.

पडद्यावर खिडकी नव्हती. नुसता आवाज.

त्यानं चालू प्रोग्रामची यादी काढली. पायथन चालूच होतं! मग उलगडा झाला. चूक त्याचीच. फुलीवर टिचकी मारली की नुसती खिडकी जाते. खालचे निरोप ऐकणारा भाग मागं चालूच राहतो, आणि त्याला थांबवायच्या ओळी त्यानं लिहिल्याच नव्हत्या. बारा दिवस तो प्रोग्राम कान लावून बसला होता.

त्याला हसू आलं.

मग मावळलं.

प्रोग्राम ऐकत होता, ठीक आहे. पण खालून पाठवत कोण होतं?

त्यानं आकारामभाऊंना फोन लावला. "भाऊ, अण्णांचा कॉम्प्युटर चालू राहिलाय काय?"

"चालू कसा ऱ्हाईल वो? त्याची वायर काढून म्या कपाटात ठेवलीया की! का, काय झालं?"

"काही नाही."

तो खाली गेला. पडदा काळा. कीबोर्डवर धुळीचा थर. कपाट उघडलं. वायर गुंडाळून ठेवलेली.

ती हातात असतानाच... वरून आवाज आला.

टुंग.

धावत वर येऊन त्यानं ती काळी चौकट पुढं आणली, जिच्यात प्रत्येक निरोप वेळेसकट नोंदला जायचा. शेवटच्या दिवशीचे 'ये' होते. नऊ वेळा.

त्याच्याखाली रोजची एक ओळ. पाच चाळीसची.

'जेवलास काय?'

आज दोन वेळा.

असं बटण त्यानं कधी केलंच नव्हतं.

अण्णा जैन रीतीप्रमाणे दिवस मावळायच्या आत जेवायचे. बोलता येत होतं तोवर रोज त्या वेळी जिन्याखालून हेच ओरडून विचारायचे. आणि गेले बारा दिवस अनेकांत संध्याकाळचा जेवलाच नव्हता.

त्यानं राहिलेल्या ओळी लिहून टाकल्या. खिडकी मिटताना आधी ऐकणं थांबेल, मग प्रोग्राम संपेल. वेगळा चालवून पाहिला. फुलीवर टिचकी मारताच सगळं साफ बंद. आता फक्त तो जुना थांबवायचा होता. दोन कळांचं काम.

ते काम महिनाभर राहिलं.

आदिती आली तेव्हा त्यानं तिला वर नेऊन सगळं दाखवलं. ती रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "दादा, बंद कर हे. त्यांना सोड की आता."

"व्हय," तो म्हणाला. बोटं कळांवर ठेवली.

टुंग.

नवी ओळ आली होती...

'चिमे, कवा आलीस?'

चिमी तिला फक्त अण्णा म्हणायचे. तिनं अनेकांतचं मनगट घट्ट धरलं. कळ कुणीच दाबली नाही.

आता आषाढ लागलाय. तो लॅपटॉप आजवर एकदाही बंद झालेला नाही. पावसात वीज जाते म्हणून अनेकांतनं घरात इन्व्हर्टर बसवून घेतला आहे.

परवा त्याच्या घरी गेलो तेव्हा मी त्याला स्पष्टच विचारलं, "अरे, नीट बंद करता येतंय ना तुला? मग कर की."



"करीन," तो म्हणाला. "पण मग ते कुठं जातील, एवढं सांग."



चहा अर्धा टाकून मी निघालो. पाच चाळीस व्हायला पाच मिनिटं होती.