रविवारचा वाटा

समुद्रातल्या तेलविहिरींच्या फलाटांवरची यंत्रं मोजायची, त्यांची किंमत ठरवायची आणि भागीदार कंपन्यांचे वाटे पाडायचे, हे काम मी सव्वीस वर्षं केलं. निवृत्त होऊन परभणीला आलो, तर लोक भावाभावांच्या वाटण्यांना मला बोलावू लागले. बायको तर भाकरीचे चतकोरही मलाच करायला लावते.

राणीसावरगावचा बालाजी असाच आला.

"व्यंकटराव काका, आमच्या सहा घरांत एक डिझेल पंप हाय. एकेका घराला एकेक वार. शनिवारी भंगारवाला येणार हाय. तुमी किंमत करून वाटे पाडून द्या."

"चालत नाही का?"

"चालतंय की," म्हणून तो चपलांकडे बघत राहिला.

विहीर गावाबाहेर, कडुलिंबाखाली. पंपाला हिरवा रंग फासलेला होता, पण खरवडल्यावर खालून लाल निघाला. बुडाशी पत्र्याची पट्टी होती आणि तिच्यावर माझ्याच हातानं कोरलेला क्रमांक.

हा आमच्या फलाटावरचा आग विझवायचा पंप. अकरा वर्षांपूर्वीच्या आगीत आम्ही नऊ जण जिन्याखाली अडकलो होतो. यानं समुद्र उपसून आमच्यावर ओतला, म्हणून मी आज आहे. पुढं तीन कंपन्यांच्या वाटणीत, जुना झाला म्हणून, मीच त्याची किंमत शून्य लिहिली आणि तो भंगारात गेला. नियमाला धरूनच होतं. तरी आता लाज वाटली.

कमलबाई फडक्यानं पंप पुसत होत्या. गुरुवार त्यांचा. पंप गेला तर त्यांची मोसंबी वाळणार होती. फडक्याला पांढरं काहीतरी लागलं होतं. मी बोटानं चाखलं. मीठ होतं.

"रोज पुसते, दादा. सोमवारी लय असतंय."

"सोमवारीच का?"

बालाजीनं आवाज खाली आणला. "ऐतवार कुणाचाच न्हाई. आमी डिझेल काढून ठेवतो. तरी नऊच्या ठोक्याला आपोआप सुरू होतंय. पाइपातून थेंब येत न्हाई, अन् हिरीतलं पाणी हातभर खाली जातंय. माणसं भ्यायलीत, काका."

फलाटावर आगीचा पंप दर रविवारी, नऊला, चालवून बघायची पद्धत होती. हे मी त्यांना सांगितलं नाही. आगीचं मात्र सगळं सांगितलं.

मग कागदावर लिहिलं: विकू नये. सहा घरांचे सहा वार, सातवा पंपाचा. बालाजी कुरकुरला, पण सही केली. कमलबाईंनी पंपाला हळदकुंकू वाहिलं. मीही हात जोडले. शनिवारी भंगारवाला हात हलवत परत गेला.

रविवारी मी मुद्दाम विहिरीवर थांबलो.

नऊला पंप सुरू झाला. पाइप कोरडाच. पाण्यावरचा पाला गोल फिरत खाली खाली जाऊ लागला.

त्या दिवशी पाणी हातभरावर थांबलं नाही. विहिरीनं तळ गाठला.

दुपारी फलाटावरून सिद्धोधनचा फोन आला. माझ्याच हाताखाली शिकलेला.

"सर, सकाळी आग लागली. बारा जण आत होते. सगळे वाचले."

"कशानं विझली?"

"तेच कळत नाही. जुन्या पंपाची जागा अजून रिकामीच आहे. पण त्याच नळातून पाणी आलं."

मी डोळे मिटून मनोमन आभार मानले.

"आणि सर, पाणी गोडं होतं," तो म्हणाला. "जाळीत कडुलिंबाचा पाला अडकलाय."