किलो टँगो, थांबा

आधीच सांगते, ज्यांना अशा गोष्टींचं हसू येतं त्यांनी खुशाल हसावं. मीही हसले असते.

पण हे माझ्या सख्ख्या आत्याच्या घरात घडलंय. आणि जिच्या डोळ्यांदेखत घडलं ती माझी आतेबहीण, आमची ताई, थापा मारणाऱ्यांतली नाही. चष्म्याच्या दुकानात काम करते. दिसेल तेवढंच बोलते.

थंडी नुकती सुरू झाली होती. घाटाच्या पायथ्याचं गाव, तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. संध्याकाळची वेळ, जिन्यातले दिवे लागलेले, खाली पोरांचा दंगा चाललेला. भुताखेतांची वेळसुद्धा नव्हती ती.

तरीही...

आतोबांचा धंदा लिफ्टदुरुस्तीचा आणि नाद वायरलेसचा. म्हणजे रीतसर परीक्षा द्यायची, परवाना काढायचा, बाल्कनीत अँटेना उभारायची आणि मग दूरदेशीच्या अनोळखी माणसाला विचारायचं, तुमच्याकडे हवा कशी आहे! आत्या पहिली काही वर्षं धुसफुसली. मग या सवतीशी भांडण्यापेक्षा गट्टी केलेली बरी म्हणून स्वतःच परीक्षेला बसली आणि पास झाली. पुढे ताईलाही बसवलं. घरात माणसं तीन आणि परवानेही तीन.

परवान्याबरोबर एक खूण मिळते, कॉलसाइन. हवेत तेच तुमचं नाव. आतोबांच्या खुणेच्या शेवटी के-टी, म्हणजे वायरलेसच्या बोलीत किलो टँगो यायचं, आत्याच्या के-एल, किलो लिमा. तिथे अहो-अगं चालत नाही, घरची भांडणं चालत नाहीत. बोलण्याआधी ऐकायचं. खूण सांगितल्याशिवाय बटण दाबायचं नाही. आणि एकाचं बोलणं संपलं की क्षणभर थांबायचं, कोणी अडचणीत असेल तर त्याला मध्ये बोलता यावं म्हणून.

गावातले असे सगळे हौशी रोज संध्याकाळी एकत्र जमायचे. याला ते 'नेट' म्हणतात, त्या दुसऱ्या नेटच्या फार आधीपासून. नेटला एक नियंत्रक असतो. तो एकेकाला हजर करून घेतो. आणि एकदा हजर झालात की नियंत्रकाने सोडल्याशिवाय निघायचं नाही. पुरात, आगीत कामाला येते ती सवय. कोण कुठे आहे ते कळायला हवं.

आमची आत्या नियंत्रक होती. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जन्म गेलेला. 'मिळालं, थांबा,' हे तिच्या तोंडून श्वासासारखं निघायचं.

त्या संध्याकाळी आतोबा घाटापलीकडचं काम उरकून गाडीने परत येत होते.

"किलो टँगो, गाडीतून. घाट उतरतोय."

"मिळालं, किलो टँगो. थांबा."

इतकंच बोलणं झालं. शेवटी एकेकाला सोडताना आत्याने त्यांना हाक मारली. उत्तर आलं नाही. घाटात एक वळण असं आहे की तिथे सिग्नल पोचतच नाही. तिने खांदे उडवले, नेट बंद केलं आणि कुकर लावला.

थोड्या वेळाने पोलीस आले.

गाडी त्याच वळणावर, रस्त्याच्या कडेला नीट लावलेली होती. इंजिन चालू. इंडिकेटर चालू. हृदय बंद. आणि माइक हातात.

आतोबा गेले. नेट सोडायची परवानगी न घेता गेले.

तेव्हा हे कोणाच्या डोक्यात येणार?

या लोकांची एक रीत आहे. कोणी गेलं की नेटवर त्याला शेवटची हाक मारतात. तीनदा. प्रत्येक हाकेनंतर थांबायचं. उत्तर येत नाही. मग नियंत्रक म्हणतो, हे स्टेशन आता शांत झालं.

क्लबातले निवृत्त हेडमास्तर म्हणाले, "वहिनी, हे तुम्ही करू नका. मी करतो."

"माझ्या नेटवरून गेलेत ते," आत्या म्हणाली. "मीच करणार."

ताई शेजारीच बसली होती. आत्याचा आवाज जराही हलला नाही.

पहिली हाक. शांतता.

दुसरी हाक. शांतता.

तिसरी हाक...

स्पीकरमधली खरखर थांबली. कोणीतरी बटण दाबलं होतं.

बोललं कोणीच नाही. मागे फक्त गाडीचं इंजिन घुरघुरत होतं. आणि इंडिकेटर...

टिक. टिक. टिक.

मग बटणाचे दोन खटके. गाडी चालवणारा बोलू शकत नसला की असे दोन खटके देतो. ऐकलं, असा त्याचा अर्थ.

आणि आत्याच्या तोंडून निघून गेलं...

"मिळालं, किलो टँगो. थांबा."

ताई म्हणते, आईने स्वतःचेच शब्द ऐकले आणि तोंडावर हात ठेवला. पण बोललेलं परत कसं घेणार? तिने त्यांना हजर करून घेतलं होतं.

कोणीतरी हलकटपणा करतंय, असं सगळ्यांचं मत पडलं. क्लबातले दातांचे डॉक्टर तर खवळलेच. खूण न सांगता बटण दाबणारा चोरटा हुडकून काढायची त्यांच्याकडे युक्ती होती. हातात धरायची काटेरी अँटेना. ती फिरवायची, जिकडे सिग्नल जोरात तिकडे चोर. दुसऱ्या संध्याकाळी नेट सुरू झालं, खटके आले आणि डॉक्टर गाडी काढून निघाले.

अँटेनेने त्यांना थेट घाटातल्या त्या वळणावर नेलं.

तिथे कोणी नव्हतं. सिग्नल मात्र समोरून येत होता. मोकळ्या रस्त्यावरून.

त्याच्या दुसऱ्या दिवशी तो खालच्या वळणाशी होता. मग पेट्रोल पंपाशी. डॉक्टरांनी फोन करून ताईला सांगितलं, "तो गावाकडे येतोय. मला यात ओढू नका."

डॉक्टर नेटवर यायचे बंद झाले. मग बेकरीवाला थांबला. मग बाकीचे, एकेक करून. कोणी घसा बसल्याचं सांगितलं, कोणी अँटेना पडल्याचं. आत्या नावं घ्यायची आणि प्रत्येक नावापुढे शांतता वाढत जायची.

फक्त एक स्टेशन रोज वेळेवर हजर.

टिक. टिक. टिक.

ताईने एकदा न राहवून कपाटावरचं खोकं काढलं. आतोबांच्या गाडीतला सेट पोलिसांनी वायरी तोडून परत दिला होता, तो त्यात ठेवलेला. नेट नुकतंच संपलं होतं. खोकं जसंच्या तसं, चिकटपट्टीसुद्धा न उचकटलेली. तिने ती फाडून आत हात घातला...

सेट गरम होता.

खूप वेळ बोलल्यावर होतो तितका.

खरं सांगते, मी असते तर ते खोकं तिसऱ्या मजल्यावरून खाली फेकलं असतं. ताईने ते जागेवर ठेवलं आणि आईसमोर जाऊन बसली.

"आई, बाबांना सोड. तू नियंत्रक आहेस. एक वाक्य तर बोलायचंय."

"कशाला?" आत्या शांतपणे म्हणाली. "घरी येतायत ना ते. येऊ देत."

"आणि आल्यावर?"

आत्या ठेवणीतल्या साडीच्या घड्या उलगडून बघत होती.

तेव्हा ताईला उमगलं. आईचं जेवण सुटलं होतं. दिवसभर ती बाल्कनीत उभी राहून रस्त्याकडे बघायची. शेजारीण विचारायला आली तर म्हणाली, "यांची वाट बघतेय. गाडी खालीच लावतील, वर यायचा कंटाळा करतात." बाप गेला होता. आता तो आईला न्यायला येत होता, आणि आई तयार होती.

ताईने हेडमास्तरांना फोन केला.

"पोरी, नियम नियम असतो," ते म्हणाले. आवाज खोल गेलेला. "किलो टँगो आयुष्यात कधी सांगितल्याशिवाय नेट सोडून गेला नाही. आत्ताही जाणार नाही. आईला जमत नसेल तर नियंत्रण तू घे आणि तू सोड."

"सर, तुम्ही याल ना नेटवर? मला धीर येईल."

"नाही ग. माफ कर मला."

त्या संध्याकाळी आत्या ठेवणीतली साडी नेसून, पर्स मांडीवर घेऊन बसली होती. केस नीट विंचरलेले. पायात चपला, घरातच. टेबलावरचा मोठा सेट ताईसमोर होता. आत्याच्या हातात छोटा हँडसेट.

"तूच सुरुवात कर आज," आत्या म्हणाली. "मी नुसती हजेरी लावते."

ताईला वाटलं, देव पावला. आयतंच नियंत्रण हातात आलं होतं.

तिने नेट उघडलं. "हजेरी द्या," म्हणाली आणि नियमाप्रमाणे थांबली.

"किलो लिमा," आत्या हँडसेटवर बोलली. लाजल्यासारखी हसली.

"मिळालं, किलो लिमा. थांबा," ताई म्हणाली. सवयीने.

मग खरखर थांबली.

इंजिन. इंडिकेटर.

एरवी सगळ्यांचा आवाज टेकडीवरच्या रिपीटरवरून फिरून येतो. ते यंत्र लांबचं ऐकतं आणि मोठ्याने पुन्हा बोलतं. पण सेटवर एक बटण असतं. ते दाबलं की टेकडी मध्ये येत नाही, समोरचा थेट ऐकू येतो. अगदी जवळ असेल तरच.

ताईने ते बटण दाबलं.

आवाज गेला नाही. उलट मोठा झाला. सिग्नलचा काटा पार शेवटाला जाऊन टेकला.

टिक. टिक. टिक.

आणि मग तिच्या लक्षात आलं... टिकटिक फक्त स्पीकरमधून येत नव्हती. बाल्कनीच्या उघड्या दारातूनही येत होती. खालून. जिथे आतोबा गाडी लावायचे तिथून.

खाली खेळणारी पोरं कधीची गप्प झाली होती.

आत्या उठली.

"आई, बस!"

"आले ग. त्यांना ताटकळत ठेवायला नको." ती दाराकडे वळली.

बापाला नावाने हाक मारून सोडायचं ताईने दिवसभर घोकलं होतं. किलो टँगो, तुम्हाला निघायची परवानगी आहे. पण त्या घटकेला सगळं डोक्यातून उडालं. तिने माइक तोंडाशी धरला आणि आजवर हजारदा ऐकलेलं नेट बंद करायचं वाक्य घडाघडा म्हणून टाकलं.

"आजचं नेट इथे संपतं. सगळ्या स्टेशनांना निघायची परवानगी आहे."

सगळ्या.

स्पीकरमध्ये क्षणभर काही नाही.

मग दोन खटके. खालून, गाडीतून.

टिकटिक थांबली. काटा घसरत शून्यावर आला. ताईला रडू फुटलं. सुटलो, असं वाटलं तिला. तिने डोळे पुसले.

आणि स्पीकरमध्ये आणखी दोन खटके वाजले.

अगदी जवळचे.

ताईने मान वळवली. आत्या पुन्हा खुर्चीत बसली होती. हँडसेट हातात, अंगठा बटणावर. चेहऱ्यावर तेच लाजरं हसू. डोळे बाल्कनीकडे.

"आई?"

नेटवर तीनच स्टेशनं होती. एक नियंत्रक. एक बाबा. आणि तिसरं तिने स्वतः हजर करून घेतलं होतं, स्वतःच सोडलं होतं.

खाली गाडीचा गिअर पडल्याचा आवाज आला. ताई बाल्कनीत धावली. रस्ता रिकामा होता. पोरं भिंतीला चिकटून एका दिशेला बघत उभी होती. काय पाहिलं ते त्यांनी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, आणि त्यांच्या आया विचारू देत नाहीत.

आत्याला तपासायला आलेले डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. त्रास झाला नसणार.

मी आठवडाभर ताईकडे जाऊन राहिले. ती रडायची आणि एकच विचारायची, "मी बाबांना सोडलं की आईला घालवलं?" मी चहा करून द्यायची. तो खोक्यातला सेट मी हात लावून पाहिला. थंडगार होता. त्यानंतर खटके आलेले नाहीत.

क्लबातली मंडळी हळूहळू परतली. नियंत्रक आता ताई आहे. ती कधीच सगळ्यांना एकदम सोडत नाही. एकेकाचं नाव घेते, एकेकाला निरोप देते. नवीन लोक वैतागतात, जुने गप्प बसतात.

फक्त एक काम राहिलंय. आत्याला शेवटची हाक अजून कोणी मारलेली नाही. हेडमास्तर दर थोड्या दिवसांनी आठवण करतात. मी मारतो म्हणतात. ताई नको म्हणते, माझ्या नेटवरून गेलीये, मीच मारीन.

मग मारत का नाहीस, असं मी तिला परवा विचारलं. उत्तर येईल याची भीती वाटते का?

"उत्तराची नाही वाटत," ताई म्हणाली. "उत्तर आलं तर मी तिला जा म्हणणार नाही, याची वाटते."