डाव्या कानाला ऐकू येणारी गाणी

मंगळवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, कानाच्या तपासणीच्या खोलीत, काचेपलीकडे बसलेल्या पेशंटने हेडफोनमध्ये कुठलाही आवाज सोडलेला नसताना चौदा वेळा बटण दाबलं.

चौदा हा आकडा तिने मोजून लिहिला. नऊ वर्षं ती हेच काम करत होती. पेशंटला आवाजबंद केबिनमध्ये बसवायचं, हेडफोन चढवायचे, बाहेरच्या मशीनवरून बारीक-मोठे सूर सोडायचे. सूर ऐकू आला की पेशंट बटण दाबतो, मशीनवरचा हिरवा दिवा लागतो, ती नोंद करते. सूर नसताना दिवा लागला तर त्याला म्हणायचं खोटा प्रतिसाद. घाबरलेली माणसं दोन-तीनदा असं करतात. चौदा वेळा आजवर कोणी केलं नव्हतं.

आणि दिवा ठेक्यात लागत होता. दोन जवळ, एक लांब... दोन जवळ, एक लांब. ठेका तिच्या ओळखीचा होता. सकाळी एप्रनला इस्त्री करताना एक जुनं द्वंद्वगीत तिच्या डोक्यात शिरलं होतं, आगगाडीच्या चालीवरचं. ते अजून तिथेच फिरत होतं.

तिने केबिनचं दार उघडलं.

“आवाज आला की दाबायचं. नाही आला की दाबायचं नाही. सोपं आहे.”

“आणि गाणं आलं तर?”

“कुठलं गाणं?”

“तुम्हीच लावलंय आणि मलाच विचारताय?” त्याने हेडफोन मानेवर ओढले. “ते आगगाडीचं. छान आहे हो. पण मधला बासरीचा तुकडा का गाळलात?”

बासरीचा तो तुकडा तिला कधीच नीट आठवत नसे. गाणं डोक्यात चाललं की तो गाळूनच ती पुढच्या कडव्यावर जायची. हे तिने आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यात होतं तरी काय?

तिने दार लावलं आणि रिपोर्टवर लिहिलं : खोटा प्रतिसाद, १४.

तो लिफ्ट दुरुस्त करणारा होता. वय छत्तीस, दंडावर ग्रीसचा न जाणारा डाग, बोलताना उजवा कान पुढे करायची नवी लागलेली सवय. तीन आठवड्यांपूर्वी सकाळी उठला तो डावा कान गेलेलाच. नस गेली होती. डाव्या कानाचा आलेख तळाशी आडवा पडलेला, सर्वांत मोठ्या सुरालासुद्धा दाद नाही. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि दर चार दिवसांनी तपासणी लिहून दिली. गाण्यांचं ऐकून ते म्हणाले, “नस गेली की मेंदू रिकाम्या जागी काहीतरी वाजवत बसतो. भास. होतील बंद.”

भासाला बासरी गाळलेली कशी कळली, हे तिने डॉक्टरांना विचारलं नाही.

पुढच्या तपासणीला तिने मुद्दाम डोक्यात एक रॅप सुरू केलं. नवीन, भसाभस बोलणारं, कॉलेजच्या पोरांचं. मशीनला हातही लावला नाही. काचेपलीकडे तो मान खाली घालून बसला होता. आठ-दहा सेकंद गेले. मग त्याने हळूच मान वर केली आणि तिच्याकडे पाहिलं.

ती नजर तिला पुढे बरेच दिवस आठवत राहिली. त्यात हसू होतं. आणि हसण्याच्या मागे, जिना उतरताना एक पायरी कमी पडावी तशी भीती.

“हे तुम्ही ऐकता?” बाहेर आल्यावर त्याने विचारलं. “एप्रन घालून?”

“काय ऐकते?”

“शिवी आहे त्यात. दुसऱ्या कडव्यात.”

“दोन आहेत,” ती म्हणाली, आणि मग जीभ चावली.

त्या दिवशी ते पहिल्यांदा खालच्या कँटीनमध्ये बसले. ती त्याच्या उजव्या बाजूला बसायला गेली, तर तो म्हणाला, “तिकडून सगळेच बोलतात. तुम्ही डावीकडे बसा.”

मग हे नेमाचंच झालं. तपासणी, कँटीन, चहा, आणि भांडण. भांडण गाण्यांवरून. त्याला जुनी गाणी आवडत, कारण ती वाट पाहायला लावतात, असं त्याचं म्हणणं. गायिका येण्याआधी वाद्यं कशी खुर्च्या मांडतात, सतरंज्या झटकतात, मग बाई येतात. नव्या गाण्यांत बाई आधीच येऊन बसलेल्या! ती म्हणायची, नव्या गाण्यातला ढोल पोटात वाजतो, तुमच्या बाई येईपर्यंत माझं स्टेशन निघून जातं. तिला गझलही चालायची, लग्नातल्या बँडवरचं धांगडधिंगा गाणंही चालायचं.

“आणि साबणाची जाहिरात,” तो म्हणाला. “आज चार वेळा! तपासणी चाललीय का धुणं?”

“ती जात नाही हो डोक्यातून, मी काय करू?”

“असू दे. चाल चांगली आहे.”

त्या दिवसापासून जाहिरात खरंच गेली. बरं झालं, एवढंच तेव्हा तिच्या मनात आलं.

तोही सांगायचा. लिफ्टच्या बोगद्यात गाताना पाचव्या मजल्यापासून दुसऱ्यापर्यंत गझल उत्तम लागते, रॅप फार घुमतं. “अंगाई मात्र तिथे गायची नाही.”

“का?”

“खालून कोणीतरी साथ देतं.”

“काहीही! मी हे ऐकलंच नाही.”

“न ऐकणं माझं काम आहे. तुम्ही माझ्या डावीकडे बसताय,” तो म्हणाला, आणि कप उचलताना त्याचं कोपर तिच्या कोपराला लागलं. ते दोघांनीही काढलं नाही.

तपासणीच्या खोलीबाहेर काउंटरवर बसणाऱ्या मावशींच्या नजरेतून काही सुटत नसे. “एक कान गेलाय म्हणतात त्यांचा,” मावशी पावती फाडत म्हणाल्या, “पण डोळे दोन्ही धड आहेत हो.”

“मावशी, पुढचा पेशंट पाठवा.”

“पाठवते. तोही तोच आहे. अर्धा तास लवकर आलाय.”

महिना झाला. एका रविवारी दुपारी ती कपड्यांच्या घड्या घालत होती. सवयीने तिने आगगाडीचं गाणं गुणगुणायला घेतलं, आणि तोंडातून नुसते शब्द आले. चाल आली नाही. औषधाच्या बाटलीवरचा मजकूर वाचावा तसे शब्द, एकापुढे एक. तिने मोबाइलवर गाणं लावलं. छान होतं. पण ते ती पहिल्यांदा ऐकत होती. गाणं थांबलं, आणि ओंजळीतलं पाणी गळून जावं तशी चाल गेली.

तिने तिच्या कामाची पद्धत वापरली. वहीत आवडत्या गाण्यांची यादी केली. एक्केचाळीस झाली. प्रत्येक म्हणून पाहिलं. अठरा होती. तेवीस नव्हती. त्याने डाव्या कानाने ऐकलेल्या गाण्यांवर तिने खूण केली. तीही तेवीस. तीच तेवीस.

मंगळवारी तिने त्याला वही दाखवली. त्याने एकेक गाणं गुणगुणायला सुरुवात केली. ती गाळायची तिथे गाळलेलं, ती चुकायची तिथे चुकलेलं.

“माझ्याकडे आहेत,” तो म्हणाला. चेहरा पांढरा पडला होता. “मला वाटलं, मी नुसता ऐकतोय. मी... मी चोर नाही हो.”

“मी कुठे म्हटलं?”

“यापुढे तपासणी दुसरीकडे करून घेतो.”

तो नऊ दिवस आला नाही. गाणी परत आली नाहीत. मावशींनी दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं नाही. नुसता चहा आणून ठेवला. उरलेली अठरा गाणी तिच्या डोक्यात सुखरूप होती. ती एकही म्हणत नव्हती.

दहाव्या दिवशी दुपारी ती सुट्टी टाकून, त्याच्या कंपनीत चौकशी करून, तो काम करत होता त्या सात मजली ऑफिसच्या इमारतीत गेली. चौथ्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडं, पाटी लावलेली. लिफ्ट सव्वा मजला खाली अडकलेली, आणि तिच्या टपावर तो उभा. फरशीच्या वर फक्त त्याचं डोकं आणि दोन हात दिसत होते, हातात पाना. ती समोर फरशीवर उकिडवी बसली.

“इथे कशाला आलात? दूर व्हा, दूर व्हा. गाणी आली परत?”

“नाही.”

“मग?”

“नऊ दिवस डोकं रिकामं आहे. तिथे गाणं नाही. नुसते तुम्ही असता. चालीशिवाय.”

त्याने पाना खाली ठेवला. “हे ऐकायला चांगला कान पुढे करायला हवा होता,” तो म्हणाला, “परत म्हणता?”

“नाही म्हणणार. एक गा. ते आगगाडीचं.”

तो गायला. आवाज खालून बोगद्यातून भरून आला. बासरीचा तुकडा यावा तिथे तो थांबला, कारण ती तिथे गाळायची. एवढं सुंदर गाणं तिने आयुष्यात ऐकलं नव्हतं, आणि ते तिचंच होतं. तिचे डोळे भरून आले.

“माझ्याजवळ आलीस की जातील,” तो म्हणाला. “उरलेलीही जातील. पण मागशील तेव्हा गाऊन दाखवीन. रोज. कंटाळा न करता. चालेल?”

‘तुम्ही’वरून तो ‘तू’वर आला होता, मधल्या मजल्यावर न थांबता.

“चालेल,” ती म्हणाली. “तुलाही चालेल?”

पुढचे पाच आठवडे ती सुखात होती, हे नोंदवायलाच हवं. “आज कुठलं देऊ?” ती विचारायची. तो डोळे मिटायचा. ती डोक्यात गाणं सुरू करायची, शेवटचं, मनापासून, आणि मग ते तिथे नसायचं. संध्याकाळी पुलावरून चालताना तो ते गायचा आणि ती त्याच्या दंडाला धरून दर वेळी नव्याने प्रेमात पडायची. आधी गाण्याच्या, मग त्याच्या. दोघांत मिळून एकच गाण्यांचा साठा असायला काय हरकत आहे? संसारात भांडी नाही का एकत्र करत?

अठरावं गाणं मंगळवारी गेलं.

बुधवारी कँटीनमध्ये तो म्हणाला, “आज गाणं नाही आलं. यादी संपली ना तुझी. पण एक गंमत झाली. एक बाई बोलत होती.”

“कुठे?”

“डाव्या कानात. ‘आल्या आल्या हातपाय धू, मग बोल.’ गोड आवाज. जरा चिरका. कोण गं ही?”

तिने कप खाली ठेवला. बशीवर तो दोनदा वाजला.

“काय झालं?”

“काही नाही,” ती म्हणाली. “पेशंट थांबलेत.”

संध्याकाळी साडेसहाला मोबाइल वाजला. वर ‘आई’ असं नाव आलं. तिने कानाला लावला. एक बाई बोलत होती.

“अगं, पोचलीस का घरी? काल फोन नाही केलास...”

शब्द सगळे कळत होते. बाई प्रेमळ होती. ती कोणीही असू शकत होती.

“ऐकू येतंय ना? काय गं, गप्प का?” ती बाई म्हणाली. “मला ओळखलं नाहीस की काय?”

“ओळखलं ना, आई,” ती म्हणाली. पडद्यावरचं नाव पुन्हा एकदा वाचून म्हणाली.

गुरुवारी सकाळी नऊला ती स्वतः केबिनमध्ये बसली. शेजारच्या खोलीतल्या सहकाऱ्याने मशीन चालवलं. दोन्ही कान उत्तम. “पोरासोरांचे असावेत तसे आहेत,” तो म्हणाला. “कशाला तपासायला लावलंस?”

दिवसभर तिने अकरा पेशंट तपासले. गाणी तिची होती, ती तिने खुशीने दिली होती. आईचा आवाज तिच्या एकटीचा नव्हता. आणि यादी करायला बसलं तर आवाज किती निघतील? दादाचा. मावशींचा. वर्गात हजेरी घेणाऱ्या बाईंचा, तोसुद्धा अजून डोक्यात होता. त्याच्यापासून लांब राहायचं, किंवा एकेक आवाज जाऊ द्यायचा. तिसरं काही तिला सुचलं नाही. दुपारी तीनपर्यंत तिने वाक्य तयार केलं : आपण आता भेटायचं थांबवू. ते ती तोंडावर सांगणार होती. साडेपाचला तो न्यायला येणार होता.

चार वाजून एक्केचाळीस मिनिटांनी टेबलावरचा फोन वाजला. जुना फोन, पलीकडून कोण बोलतंय ते दाखवायला त्याला पडदा नव्हता.

“ऐक ना, आज तर कहरच,” कोणीतरी पुरुष म्हणाला. “काल तुझ्याकडून निघाल्यापासून डाव्या कानात मीच बोलतोय! माझाच आवाज. तू मला ऐकतेस तसा. बराय गं, मला वाटलं होतं त्यापेक्षा.”

आवाज खर्जातला होता, किंचित घोगरा, चांगला. तिने तो कधी ऐकला नव्हता. ‘डाव्या कानात’ म्हणाला, म्हणजे तोच असणार, असा तिने हिशेब लावला.

“हॅलो? आहेस ना?”

“आहे.”

“मग बोल की.”

तयार केलेलं वाक्य तोंडात होतं. चार शब्दांचं. काचेपलीकडे केबिन रिकामी होती. मावशींनी दारातून डोकावून पाहिलं आणि त्या पाऊल न वाजवता परत गेल्या.

“काय झालं?” पलीकडचा माणूस आता हसत नव्हता. “मी येऊ का? नको येऊ? सांग, तू म्हणशील तसं.”

“आधी गा काहीतरी,” ती म्हणाली.

तो गायला लागला. गाणं ओळखीचं नव्हतं, गाणाराही नव्हता. चार वाजून त्रेपन्न मिनिटांपर्यंत तिने फोन ठेवलेला नव्हता, आणि ते वाक्यही म्हटलेलं नव्हतं.