ब्याण्णवच्या वर

"मी खोटा आकडा लिहिलेला नाही," मीटरवाले म्हणाले आणि टोपी हातात फिरवत बसले. "पण आज चार वाजता माझा निकाल आहे. एकोणीस वर्षं नोकरी करून लबाड म्हणून घरी जायचं, हे मला झेपणार नाही हो."

वहिनींनी त्यांच्यापुढे चहा सरकवला. खासगी तपासाच्या कामात त्यांची बावीस वर्षं गेली होती. बाजूला त्यांचे धाकटे दीर वही उघडून बसले होते. वहिनी त्यांना भाऊजी म्हणत, म्हणून सगळेच म्हणत. भाऊजी नोंदी अगदी नेटाने घेत. त्या वाचून आजवर एकही प्रकरण सुटलं नव्हतं, हा भाग निराळा.

हकिगत साधी होती. शर्यतीच्या ट्रॅकला लागून वस्ती होती, म्हणून आवाजाला मर्यादा होती. सरळ पट्ट्याच्या कडेला एका खांबावर आवाज मोजायचं मीटर होतं. जाणाऱ्या गाडीचा आवाज ब्याण्णव डेसिबलच्या वर गेला की मीटरवाले तो आकडा वहीत लिहीत. एका दिवसात तीनदा असं झालं की ती गाडी हंगामभर घरी. गेल्या शनिवारी एका निळ्या गाडीचे आकडे आले अठ्ठ्याण्णव, सत्त्याण्णव, अठ्ठ्याण्णव. एरवी ती एकोणनव्वदच्या पुढे जात नसे. गाडी चालवणारी दातांची डॉक्टर, आणि गाडी बांधणारा तिचा थोरला भाऊ. मीटरवाल्याने आकस धरून आकडे लिहिले, अशी लेखी तक्रार त्या भावाने केली होती.

"आकस होता का?" वहिनींनी विचारलं.

"महिन्यापूर्वी मी त्याला म्हटलं, एवढं मोठं इंजिन आणि इतकं गप्प कसं रे? तो माझ्या अंगावरच आला."

"त्या दिवशी बाकीच्या गाड्या?"

"अकराच्या अकरा. रोजच्यासारख्याच."

"मग तर गळा तुमचाच अडकतो," भाऊजी म्हणाले. वहिनींनी नुसतं पाहिलं, तसं त्यांनी वहीत डोकं खुपसलं.

ट्रॅकच्या व्यवस्थापकाची गाठ त्याच्या कचेरीत पडली. तो उभ्यानेच बोलत होता.

"मीटर रविवारी तपासून घेतलं, चोख आहे. म्हणजे आकडे खोटे, नाहीतर शनिवारी कुणीतरी मीटरला हात लावला. पलीकडे राहणाऱ्या शाळेच्या बाई त्या सकाळी खांबापाशी दिसल्या होत्या. ट्रॅक बंद व्हावा म्हणून देव पाण्यात घालून बसल्यात त्या. दोन महिन्यांत एक्केचाळीस तक्रारी!"

"त्यांचं काय केलंत?"

"मीटर बघितलं. दर वेळी आवाज मर्यादेत. तसं लिहून, मीटरवाल्याची सही घेऊन परत पाठवल्या."

तिथून दोघं डॉक्टरच्या भावाच्या गॅरेजमध्ये गेली. डॉक्टर दवाखान्यातून तशीच आली होती.

"मी नेहमीसारखीच चालवली," ती म्हणाली. "ऊन तेवढं सकाळभर डोळ्यांवर येत होतं. एरवी त्या पट्ट्यावर ते पाठीशी असतं. आणि नेमका दादा तापाने आडवा! तो ट्रॅकवर असता तर त्याने तिथल्या तिथे जाब विचारला असता."

दादा हात पुसत पुढे आला. "सायलेन्सर मी स्वतः बसवलाय. ऐका हवं तर." त्याने गाडी सुरू केली.

वहिनी डाव्या अंगाला उभ्या होत्या. आवाज दमदार होता, पण त्यातही डॉक्टरशी चार शब्द बोलता येत होते. गाडीच्या उजवीकडून मात्र भाऊजी कानांवर हात ठेवून बाहेर पळाले. त्यांच्या विजारीवर गुडघ्यापाशी काजळी बसली होती.

"कानठळ्या बसल्या, वहिनी!"

"तुम्हाला मिक्सरनेही बसतात," वहिनी म्हणाल्या. पण खाली वाकून ती काजळी मात्र त्यांनी बोटाने पुसून पाहिली.

शाळेच्या बाईंचं घर सरळ पट्ट्याच्या पलीकडे होतं, मीटरच्या अगदी समोर. बाई दारातच हळू आवाजात बोलल्या, कारण आत त्यांचे यजमान अर्धांगवायूच्या झटक्यानंतर पडून होते.

"खांबापाशी गेले होते, नाही कशाला म्हणू? दोन महिने ती निळी गाडी गेली की हे दचकून उठतात. त्या शनिवारी दोन तास सलग झोपले. मला वाटलं, ती गाडी आज आली नसेल. विचारायला म्हणून फाटकातून वळसा घालून गेले, तर तिथे ती कान फोडत होती! माझंच डोकं फिरलंय की काय, अशी शंका आली मला."

वहिनींनी वळून पट्ट्यापलीकडच्या मीटरकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "तुमचं डोकं जागेवर आहे, बाई. तुम्ही चार वाजता कचेरीत याल?"

"ह्यांना एकटं सोडून नाही येता यायचं."

बाकीचे मात्र चार वाजता जमले. मीटरवाले कोपऱ्यातल्या खुर्चीच्या अगदी कडेवर टेकले होते.

"मला एकच सांगा," वहिनींनी व्यवस्थापकाला विचारलं. "गेल्या शनिवारी गाड्या कुठल्या दिशेने धावल्या?"

"उलट्या. हंगामातून एकदा असतं तसं, चालकांना बदल म्हणून. पण त्याचा आवाजाशी काय संबंध?"

दादाने मान खाली घातली. ते फक्त वहिनींनी पाहिलं.

"सगळा संबंध तिथेच आहे. डॉक्टरांच्या डोळ्यांवर ऊन आलं, तेव्हाच मला शंका आली. सूर्याने काही जागा बदललेली नाही. मग गाडीनेच तोंड फिरवलं असणार. आता शाळेच्या बाईंचं ऐका. मीटरपाशी आवाज वाढला, त्याच सकाळी त्यांच्या घरी तो कमी झाला. आवाज नुसता वाढला असता, तर दोन्हीकडे वाढायला हवा होता. तो वाढला नाही, त्याने बाजू बदलली. का, ते भाऊजींच्या विजारीने सांगितलं. धूर सोडणाऱ्या नळीचं तोंड मागे नाही, उजवीकडे वळवलेलं आहे. रोज मीटर गाडीच्या डावीकडे असतं आणि बाईंचं घर उजवीकडे. त्या शनिवारी गाड्या उलट्या धावल्या, आणि नळीचं तोंड नेमकं मीटरकडे आलं. बाकीच्यांचे सायलेन्सर खरोखरचे, म्हणून त्यांचे आकडे हलले नाहीत."

डॉक्टर भावाकडे वळली. "दादा?"

"मोठा सायलेन्सर लावला की इंजिनाचा जोर जातो," दादा हळूच म्हणाला. "तू हरून घरी यायचीस, मला ते बघवत नव्हतं. मग नळी उजवीकडे वळवून वेल्डिंग केलं. त्या दिवशी ताप होता, उलटी दिशा डोक्यातच आली नाही. मीटर बिघडलंय असंच वाटलं मला, खरंच. अंथरुणात दोन दिवसांनी लक्षात आलं, तोवर तक्रार देऊन झाली होती."

"मग मागे का नाही घेतलीस?"

"तुला सांगावं लागलं असतं."

डॉक्टरने डोळे पुसले आणि ती मीटरवाल्यांपुढे जाऊन उभी राहिली. "काका, आमची चूक झाली. गाडी मी आजच घरी नेते."

व्यवस्थापक पुस्तिका चाळत होता. "नळीच्या तोंडाबद्दल नियमात अक्षरही नाही," तो पुटपुटला. मग पुस्तिका मिटून म्हणाला, "ते जाऊ दे. तुमच्यावर काही नाही, मीटरवाले. उद्यापासून कामावर या."

"सुटलात की हो!" भाऊजींनी त्यांच्या पाठीवर थाप मारली.

मीटरवाले उठले, पण त्यांचा चेहरा उजळला नाही. "त्या एक्केचाळीस कागदांवर सही माझी आहे," ते म्हणाले. "बाई सांगत होत्या, आणि मी काटा बघून त्यांना खोटं पाडत होतो. मलाही नुसता आठवडाभर कुणी खोटं म्हटलं, तर अन्न गेलं नाही."

वहिनींनी त्यांना दारापर्यंत सोबत केली.

मीटरवाले पट्ट्याला वळसा घालून पलीकडे गेले. बाईंच्या दाराची घंटा त्यांनी वाजवली नाही. टोपी काढून ते पायरीवर उभे राहिले आणि बाई आपण होऊन बाहेर येईपर्यंत तसेच थांबले.