मायानौकेची कुरकुर

"शत्रूचा बाप आला तरी खरी 'शुक्तिका' ओळखणार नाही!" त्याच युद्धनौकेच्या संगणककक्षात डॉ. शलाका पेठेनं टेबलावर थाप मारली.

कॅप्टन शितोळेंनी मिशीवरून हात फिरवला. "बाई, माझी साठ पोरं आहेत या जहाजावर. जरा उलगडून सांगा."

"शत्रू संगणकाच्या तारेतून येतो. त्याला समुद्र दिसत नाही, नुसते आकडे दिसतात. म्हणून मी आकड्यांचीच दुसरी शुक्तिका केलीय, मायानौका! तिचं इंजिन खोटं, सुकाणू खोटं, खलाशीही खोटे. ते तर जेवणावर कुरकुरतातसुद्धा. आणि सगळी प्रणाली अस्सल देशी. किल्ली कुणा परक्याच्या खिशात नाही."

"मुख्यालयाला तरी ठाऊक असेल ना, खरी कुठली ते?"

"छे! नोंदलं की चोरीला गेलंच."

दुसऱ्याच दिवशी शत्रू घुसला. त्यानं मायानौकेचं सुकाणू बळकावलं आणि ती भरधाव खडकावर घातली. खऱ्या शुक्तिकेवर दिवासुद्धा लुकलुकला नाही.

शलाकाचे डोळे भरून आले. "पण त्यानं तीच का निवडली?" तिनं दोन्ही जहाजांची माहिती शेजारी-शेजारी लावली. "कॅप्टन, तिच्यावर रोज ढीगभर तक्रारी. आपल्यावर एकही नाही! म्हणून तीच त्याला खरी वाटली!"

"माझ्यासमोर तक्रार करायची कुणाची छाती आहे?"

"मग तुमच्या धाकाचेच उपकार हो!" तिनं हात जोडले. आचाऱ्यानं सगळ्यांना शिरा वाटला.

शुक्तिका बंदराशी आली, तर जहाजं अडवणारी तोंडावरची साखळी वर ताणलेली. यंत्र म्हणेल तेव्हाच ती खाली जायची. बंदराधिकारी गोडांबेंचा आवाज आला, "शुक्तिका खडकावर फुटली. तुम्ही मायानौका."

"अहो, आम्ही हाडामांसाचे आहोत!" शलाका ओरडली.

"मायानौकाही हेच म्हणेल. साठ खलाशी आणि एक तक्रार नाही? आम्हाला काय दुधखुळे समजलात?"

कॅप्टन गरजले, "तक्रार करा रे! हुकूम आहे!"

पहिला खलाशी कॅप्टनकडे चोरून बघत पुढं झाला. "साहेब... जेवण फार छान असतं."

"गोडांबेसाहेब, यंत्र सोडा, खिडकीतून बघा!" शलाका काकुळतीला आली.

खिडकी उघडली. दुर्बीण दिसली. मग हुंदकाच ऐकू आला. "आलात का रे बाबांनो! देवाची कृपा!" गोडांबेंनी चार माणसं लावून साखळी हातानं खाली सोडली. साठही जण त्यांना हात जोडत राहिले. शलाकानं तर वाकून नमस्कार केला.

शुक्तिका आत शिरत असतानाच, मुख्यालयानं तिच्या स्मरणार्थ पाण्यात सोडलेलं तारेचं भलंमोठं पुष्पचक्र तिच्या पाण्याखालच्या पंख्यात अडकलं आणि इंजिन बंद पडलं.