शिलाई सुरू, वीज बंद

गणवेशाची बाही सुईखाली असतानाच मशीन पुन्हा थांबलं. डोक्यावरचा पंखा मंदावला. सूनबाईने मागच्या खोलीतून डोकावून पाहिलं. स्वयंपाकघर बंद. सासऱ्यांच्या खोलीतला टीव्ही बंद. पुढे बैठकीतला दिवा मात्र लख्ख.

“झालं!” सासरे कडाडले. “मॅच ऐन रंगात आली होती! तुझं ते मशीन एक दिवस अख्खं घर खाणार. बंद कर हा उद्योग!”

सासूबाईंना अजिबात ऐकू यायचं नाही. त्या नुसत्या दोघांच्या तोंडाकडे पाहत राहिल्या.

नवरा बैठकीतून आला. त्याचं ऑफिसचं काम सध्या घरूनच चालायचं.

“बाबा, तिला बोलू नका,” तो मऊपणे म्हणाला. “पण अगं, वायरिंग जुनं आहे. झेपत नसेल तर थांबव ना थोडे दिवस.”

“नाही थांबवणार,” ती म्हणाली. “आधी कारण कळू दे.”

वायरमन आला. व्हरांड्यातल्या पेटीतल्या तीन फ्यूजपैकी मधला त्याने काढून पाहिला आणि दाबून बसवला. मागे पंखा फिरू लागला.

“हा फ्यूज फक्त मागच्या खोल्यांचा?” तिने विचारलं.

“हो. बैठक दुसऱ्या फेजवर आहे.”

“तार जळली होती?”

“छे, शाबूत आहे. फ्यूजच सैल होता. मागच्या वेळीही तसाच.”

“मशीनच्या भाराने सैल होतो?”

“भाराने तार वितळते, ताई. हा आपोआप सैल होत नाही, ओढायला जोर लागतो.”

संध्याकाळी शिवताना तिने मशीनचा खडखडाट तेवढा फोनवर रेकॉर्ड करून ठेवला.

दुसऱ्या दिवशी तिने मशीनचा प्लग काढला, फोनवर तो खडखडाट मोठ्याने लावला आणि दार लोटून स्वस्थ बसली. स्वस्थ कसली! पंखा थांबू नये, असंच तिला वाटत होतं.

पंखा थांबला.

तिने सगळ्यांना बैठकीत बोलावलं. सासूबाईंना हाताला धरून आणलं.

“आज मशीन चालूच नव्हतं,” ती म्हणाली. “आवाज फोनचा होता. तरी वीज गेली. विजेला कान नसतात. आवाज ऐकून कुणीतरी फ्यूज ओढला. आईंना तो ऐकू येणं शक्य नाही. बाबांनी ओढला, तर त्यांचीच मॅच जाते. शिवाय ते तोंडावर ओरडतात, पाठीमागे काड्या करत नाहीत.”

सासरे खाकरले.

“मग उरला कोण? ज्याचा दिवा एकदाही गेला नाही, तो.”

नवऱ्याने मान खाली घातली.

“का केलंस?”

“लोक मला ‘शिवणाऱ्या बाईंचा नवरा’ म्हणतात,” तो पुटपुटला. “माझं नावच उरलं नाही.”

“मग तुझं नाव मोठं कर. माझे हात का बांधतोस?” ती म्हणाली. “आजपासून मशीन इथे, बैठकीत. आवाज सोसत नसेल त्याने मागे जावं.”

सासरे उठले. त्यांनी टेबलावरचा लॅपटॉप उचलून मुलाच्या हातात दिला.

“हा मागे ठेवून ये,” ते म्हणाले, “आणि येताना मशीनचं एक टोक धर. जड आहे ते.”